कुट्टक : कुटण्याचे गणित

कुट्टक ही बाकीवरून अज्ञात संख्या शोधण्याची जुनी भारतीय रीत आहे. २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळवले असता १९५ ने निःशेष भाग जातो, हा भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तला प्रश्न तिचा नमुना. याच जातीच्या समीकरणांना आज मॉड्युलर अंकगणितातली समीकरणे म्हणतात आणि त्यांची खूण गाउसने १८०१ साली रूढ केली. रीत मात्र आर्यभटाने ४९९ मध्ये दोन श्लोकांत सांगितली होती. तिची गरज ज्योतिषाला होती. युगात सूर्याच्या ४३,२०,००० फेऱ्या आणि १,५७,७९,१७,५०० दिवस धरले, तर फेऱ्यांची उरलेली बाकी पाहून किती दिवस लोटले हे काढायचे असे. दोन्ही संख्यांना ७,५०० ने भागले की ५७६ आणि २,१०,३८९ उरतात. एवढ्या लहान झाल्यावर गणित हातात येते.

आर्यभटाच्या त्या दोन श्लोकांत ‘कुट्टक’ हा शब्द नाही. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने एका अध्यायालाच ‘कुट्टक’ हे नाव दिले. त्याच्या लेखी अव्यक्ताचे, म्हणजे अज्ञात संख्यांचे, सगळे गणित ‘कुट्टकगणित’ होते, ‘बीजगणित’ हे नाव नंतर रुळले. मग ज्या शब्दाने एका शास्त्राला नाव दिले, त्याचा मूळ अर्थ काय?

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘लीलावती’वरच्या १५४५ च्या ‘बुद्धिविलासिनी’ टीकेत उत्तर दिले: कुट्टक म्हणजे गुणक. गुणाकाराला हनन, वध, घात असे मारण्याचे शब्द वापरतात, तसाच हाही एक. हे मत सहज बाजूला सारता येत नाही. मराठी शाळेतल्या ‘घातांका’त तोच ‘घात’ अजून आहे. शिवाय वरच्या प्रश्नात विचारला आहे तो गुणकच.

तरीही हे मत अपुरे वाटते. भास्कराचार्य उत्तराला ‘गुण’ (गुणक) आणि ‘लब्धि’ (भागाकार) म्हणतात आणि ‘कुट्टक’ हा शब्द संपूर्ण रीतीसाठी राखून ठेवतात. आणि ‘कुट्ट’ धातूचा अर्थ कुटणे; त्या रीतीत खरोखर कुटणे आहे. वरच्या तिन्ही संख्यांना १३ ने भागले की भाज्य १७, हार (भाजक) १५ आणि क्षेप (मिळवायची संख्या) ५ उरतो. यापुढे भाज्याला आणि हाराला सामाईक भाग जात नाही, म्हणून त्यांना ‘दृढ’ म्हणतात. आता १७ ला १५ ने भागून भागाकार १, बाकी २. मग १५ ला त्या २ ने भागून भागाकार ७, बाकी १. प्रत्येक वेळी बाकीच पुढचा हार होते. खलबत्त्यात मिरची आधी भरड निघते आणि त्याच भरडीवर पुन्हा घाव घालून बारीक होते, तसे हे चालते. भागाकार, क्षेप आणि शून्य एकाखाली एक मांडले की १, ७, ५, ० ही ‘वल्ली’ तयार होते. खालून वर जाताना ७ × ५ + ० = ३५, मग १ × ३५ + ५ = ४०. शेवटी ४० मधून १७ चे आणि ३५ मधून १५ चे पट काढून टाकले की ६ आणि ५ राहतात. २२१ × ५ + ६५ = ११७०, आणि १९५ × ६ सुद्धा ११७०. भागाकारांची संख्या विषम असेल तर आलेले आकडे १७ आणि १५ मधून वजा करावे लागतात.

पट काढून टाकण्याच्या या शेवटच्या कृतीला भास्कराचार्य ‘तक्षण’ म्हणतात, म्हणजे सुताराचे तासणे. ज्यात आणखी फोडण्याजोगे काही नाही ते दृढ, जादा असेल ते तासायचे, आणि सुरुवात कुटण्याने. तिन्ही शब्द कारागिराच्या हातचे आहेत. एकट्या ‘कुट्टक’ला गुणाकाराच्या कुळात बसवले तर इतर दोघांशी त्याचे नाते तुटते.

खान्देशात या शब्दाला घर मिळाले. चाळीसगावजवळ पाटणच्या देवीच्या मंदिरातला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ स्थापला आणि शके ११२८ मध्ये निकुंभ वंशातल्या सोइदेवाने मठाला दान दिले, असे हा लेख सांगतो. भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीलगतचे ‘विज्जडविड’ सांगितले. ते विजापूर की बीड की पाटणचाच परिसर, यावर वाद आहे. विजापूर सह्याद्रीपासून फार दूर पडते. उलट, यादव राजा जैत्रपालाने भास्करपुत्र लक्ष्मीधराला ‘या नगरातून’ नेले असे पाटणचा लेख म्हणतो, आणि हा पुरावा सर्वांत जड आहे. चाळीसगाव तालुक्यातल्याच बहाळचा शके ११४४ चा लेख अनंतदेवाचा आहे. भास्कराचार्यांच्या भावाच्या या नातवाने ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातल्या एका अध्यायावर टीका लिहिली. म्हणजे कुट्टकाला नाव देणारा ग्रंथ या परिसरात वाचला जात होता.

पाटणचा लेख संस्कृतात सुरू होतो आणि दानाच्या तपशिलाशी येताच मराठीत उतरतो. पाटणच्या बाजारात येणाऱ्या ‘केण्या’वर, म्हणजे मालावर, गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला आहे, आणि तेलाच्या घाण्यांमागे पळीपळी तेलही. मठाचा खर्च जिथे मराठीत मोजला जाई, तिथे वल्ली समजावणाऱ्या गुरूच्या तोंडी ‘कुटणे’ आलेच असणार. गणेश दैवज्ञाने गुणकाचा अर्थ लिहिला तो त्यानंतर तीनशे वर्षांहून अधिक काळाने, संस्कृत टीकेत, समुद्रकाठी.