हौशी, गरजू आणि समोरचा वारा

नागपूरहून रायपूरकडे जाणारा रस्ता भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडतो आणि पुढे वीसेक किलोमीटरवर लाखनी लागते. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत या रस्त्याचे नाव 'ग्रेट ईस्टर्न रोड' असे आहे. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला आणि २०१० च्या फेरक्रमांकनानंतर ५३. लाखनीला रेल्वे नाही. हावड्याचा लोहमार्ग भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा असा उत्तरेकडून वळसा घेत गोंदियाला जातो. त्यामुळे धानाच्या बांध्या आणि तलाव यांच्या मधोमध वसलेल्या या गावाचा जगाशी जो काही व्यवहार झाला तो या रस्त्यानेच झाला. आधी बैलगाडी, मग सायकल, मग एसटी, आणि आता गावावरून उड्डाणपूल गेला आहे.

अलीकडच्या वर्षांत या रस्त्यावर, विशेषतः हिवाळ्यातल्या रविवारी, सायकलस्वारांचा एक नवा वर्ग दिसतो. डोक्यावर शिरस्त्राण, अंगाला घट्ट बसणारे कपडे, बारीक टायरांच्या हलक्या सायकली. चहाच्या टपरीवर ते थांबले आणि आपण जवळ उभे राहिलो, तर गप्पांचे विषय ठरलेले असतात. आज किती झाले, सरासरी किती पडली, जाताना वारा पाठीशी होता की तोंडावर, हँडल किती खाली घ्यावे, गुडघा का दुखतो, काल झोप किती झाली. साहित्याच्या अभ्यासकाला या गप्पांत काय सापडणार, असे कोणी विचारील. आम्हांलाही आरंभी तसेच वाटले होते. तथापि या बोलण्यात मराठीने कधी कागदावर न उतरवलेले असे काही आहे, आणि ते या सायकलस्वारांच्या आधीपासून याच रस्त्यावर होते, अशी आमची समजूत होत गेली. तिचीच ही मांडणी.

प्रथम वाऱ्याविषयी. मराठीत 'हवा' आणि 'वारा' हे दोन शब्द आहेत आणि सायकलस्वाराला ते दोन्ही लागतात. हवा चाकात भरायची असते. वारा तोंडावर येतो. पण पानही हलत नाही अशा सकाळी सपाट रस्त्यावर सायकल पळवली, की स्थिर हवेचाच वारा होतो. आपला वारा आपणच निर्माण करतो आणि आपणच त्याच्याशी झुंजतो. या झुंजीचे गणित जुने आहे: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या. ताशी ३० किलोमीटरने सपाटीवर जाणाऱ्याची बहुतेक सारी ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते.

आपल्याकडची जुनी काळी सायकल घ्या. वजन वीस किलोंच्या आसपास, बसण्याची पद्धत ताठ, छाती वाऱ्याला उघडी. हिच्यावरून ताशी २० किलोमीटरने जाणारा माणूस आणि आजच्या हलक्या सायकलवर वाकून ताशी २६ ने जाणारा माणूस, या दोघांचे श्रम ढोबळमानाने सारखेच भरतात. त्या पहिल्या माणसाच्या तोंडावर ताशी १० किलोमीटरचा साधा वारा आला आणि त्याने वेग तोच ठेवायचा म्हटले, तर श्रम पावणेदोनपट होतात. हा हिशेब आम्ही सायकलस्वारांकडून शिकलो. अर्थात तो वेग ठेवतच नाही. तो हळू होतो, किंवा उतरून चालू लागतो.

लाखनीच्या रस्त्यावर या हिशेबाला दिशाही आहे. उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुधा पश्चिम-वायव्येकडून येतो, पावसाळी वाराही पश्चिमेचाच. म्हणजे नागपूरहून पूर्वेला निघालेला हौशी सायकलस्वार वाऱ्यावर स्वार होऊन येतो, आपण फार तयारीत आहोत असे त्याला वाटू लागते, आणि परतीच्या ऐंशी किलोमीटरांत त्याचा भ्रम फिटतो. टपरीवरच्या गप्पांतला अर्धा विनोद या एका गोष्टीवर उभा आहे. उलट ज्याला पहाटे लाखनीहून भंडाऱ्याला कचेरीच्या कामासाठी जायचे असे, त्याला जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीशी. त्याची गणना कोणी केली नाही. पण उन्हे चढण्याआधी निघावे ही त्याची शहाणीव याच गणितातून आलेली असणार.

यंत्रयुगाच्या इतिहासात या वाऱ्याला नावे आणि तारखा आहेत. ३० जून १८९९ रोजी अमेरिकेत चार्ल्स मर्फी या सायकलपटूने धावत्या आगगाडीच्या मागे, डब्याच्या आडोशाला राहून एक मैल एका मिनिटाच्या आत तोडला. रुळांमध्ये त्यासाठी फळ्या अंथरल्या होत्या. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर हा दुय्यम दर्जाचा मानला गेलेला फ्रेंच स्पर्धक पाठीवर रेलून चालवण्याच्या सायकलवर तासाभरात ४५ किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर गेला आणि १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने असली सायकल ही सायकलच नव्हे असे ठरवून टाकले. १९८९ मध्ये ग्रेग लेमाँड याने तीन आठवड्यांची फ्रान्सची शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली, तीही अखेरच्या दिवशी, हँडलला पुढे जोडलेल्या दांड्यांवर कोपरे टेकून. त्याचा प्रतिस्पर्धी उघड्या डोक्याने, केसांची शेंडी वाऱ्यावर सोडून धावला होता.

मर्फीची हकीकत वाचताना आम्हांला धान भरून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे लागलेली शाळकरी पोरे आठवली. कोणत्याही महामार्गालगतच्या गावात वाढलेल्याने हे दृश्य पाहिलेले आहे. पोरगा पायडल मारीत ट्रॉलीच्या मागे येतो, एक हात फाळक्याच्या साखळीला घालतो, किंवा हात न लावताच दोन हातांवर राहतो आणि चकित होतो की आता जोर लागत नाही. घरी कळले तर मार खातो, आणि तो योग्यच. कारण ट्रॉलीचा चालक थांबताना सांगत नाही. आजचा सायकलस्वार यालाच 'ड्राफ्टिंग' म्हणतो. मराठीत 'आडोसा' हा शब्द यासाठी पूर्वीपासून तयार आहे, नुसता तयार नव्हे तर अधिक नेमका आहे. पण तो वापरल्याचे आम्ही अद्याप ऐकले नाही.

आता 'हौशी' या शब्दाकडे वळू. मराठीत हा शब्द आपण मुख्यतः नाटकाच्या संदर्भात वापरतो: हौशी रंगभूमी आणि व्यावसायिक रंगभूमी. पैसे घेतो तो व्यावसायिक, घेत नाही तो हौशी. लाखनी तर झाडीपट्टीच्या मुलखात येते. इथे धान कापणी झाल्यावर मंडईच्या निमित्ताने रात्र-रात्र नाटके होतात आणि ती तिकीट लावून होतात. शहरातला समीक्षक ज्याला ग्रामीण हौस समजतो तो इथला रोकडा व्यवसाय आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचले नसते, तर ही बोली आणि तिच्या भोवतीची कला शहरी वाचकाला अशुद्ध मराठीच वाटत राहिली असती. असो.

क्रीडेतला 'हौशी' मात्र विलायतेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ विसरण्यासारखा नाही. हेन्ली येथील प्रसिद्ध नौकाशर्यतीच्या चालकांनी १८७९ मध्ये हौशीची व्याख्या केली, तीत पैशासाठी खेळणारा तर वगळलाच, पण मजुरीवर काम करणारा यंत्रकामगार, कारागीर आणि मजूर हेही वगळले. म्हणजे हौशी असणे ही वृत्ती नव्हती, ती जात होती. इंग्लंडातल्या सायकलवाल्यांनी त्याच सुमारास ही वर्गाची अट सोडून केवळ पैशाची अट ठेवली, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. सायकल तोवर कारागिराच्या हातात पोचू लागली होती.

आपल्याकडे अशी व्याख्या कोणी लिहिली नाही. लिहिण्याची गरजच पडली नाही. आपल्या रस्त्यावर हौशी सायकलस्वाराच्या विरुद्ध टोकाला धंदेवाईक स्पर्धक उभा नाही. तिथे उभा आहे तो गरजू. प्राथमिक शिक्षक, पोस्टमन, दुधाच्या कॅन लटकवलेला गवळी, मागे पोते बांधून गिरणीला निघालेला शेतकरी. हौस आणि गरज यांच्यातली ही रेषा आपल्या सायकलीच्या इतिहासात इतकी खोल आहे, की रेषेच्या एका बाजूचेच नाव शिल्लक राहते. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये परतले आणि त्यांनी आपल्या प्रवासावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांचे धाडस अस्सल होते आणि पुस्तक जपण्याजोगे आहे. पण त्याच दशकांत आणि नंतरच्या अर्धशतकात ज्यांनी रोज वीस-तीस किलोमीटर नोकरीसाठी तुडवले, त्यांच्या आयुष्यभराच्या बेरजेचे काय? तीस किलोमीटर, वर्षाचे अडीचशे दिवस, पंचवीस वर्षे: दीड लाख किलोमीटरांहून अधिक होतात, म्हणजे पृथ्वीला साडेचार प्रदक्षिणा. पुस्तक एकही नाही.

कागद अगदीच नाहीत असे नव्हे. नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि बिल्ला देत, तो बिल्ला जुन्या घरांतून अजून सापडतो. रात्री दिवा नसल्याचा किंवा डबलसीटचा दंड होई. लग्नाच्या बोलणीत घड्याळ, सायकल आणि रेडिओ यांची त्रयी होती. डेव्हिड अरनॉल्ड या इतिहासकाराने २०१३ च्या आपल्या पुस्तकात शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र आणि भातगिरणी यांच्या शेजारी सायकलीला बसवून या लहान यंत्रांनी भारतीय आधुनिकता कशी घडवली ते दाखवले आहे. सायकल आणि भातगिरणी एकत्र! भंडाऱ्याच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पण कर, दंड आणि हुंडा यांतून सायकलीची मालकी कळते, चालवणे कळत नाही. चढावर काय वाटले, मांडीत गोळा आला तर काय केले, हे बोलण्यातच होते आणि बोलण्याबरोबर गेले. म्हणून आजच्या टपरीवरच्या गप्पा आम्हांला मोलाच्या वाटतात. सायकल चालवणाऱ्या शरीराचे तपशीलवार वर्णन मराठीत, भले इंग्रजी शब्दांच्या खिचडीत का होईना, एवढ्या प्रमाणात प्रथमच होत आहे.

या वर्णनाचा तिसरा विषय विश्रांतीचा, ज्याला ते 'रिकव्हरी' म्हणतात. २०१५ मध्ये नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरांची 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये सैन्यदलातले श्रीनिवास गोकुळनाथ आणि त्यांच्यापाठोपाठ नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. समर्थांनी २०१८ मध्ये मॉस्को ते व्लाडिव्होस्टॉक हे सुमारे ९,००० किलोमीटरही केले. हे चौघेही डॉक्टर आहेत, हा आम्ही योगायोग मानत नाही. त्या शर्यतीत पाय जितके चालतात तितकीच झोप मोजली जाते. किती तास घ्यायची, कोणत्या प्रहरी, आधी खायचे की नंतर. शरीराला रुग्णासारखे बाहेरून पाहण्याची ज्याला सवय आहे, त्याला हे साधते. त्यांच्या यशानंतर विदर्भातल्या हौशी मंडळींच्या बोलण्यात झोप, मीठ, पाणी यांची चर्चा शिरली. दुसऱ्या दिवशीची अंगदुखी लॅक्टिक आम्लामुळे नसते, तर स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे असते, हेही आम्हांला एका शिक्षकानेच टपरीवर समजावले. पाठ्यपुस्तकात आम्ही उलटे शिकलो होतो.

'रिकव्हरी'ला मराठी शब्द नाही, अशी तक्रार कानावर येते. 'विसावा' आहे की! पालखीला विसावा असतो, आणि तो मुक्कामाहून वेगळा असतो: थोडे थांबायचे, पुन्हा निघायचे, आणि कुठे थांबायचे ते आधीपासून ठरलेले. लांब पल्ल्याच्या 'ब्रेव्हे' नावाच्या सायकलयात्रांत नेमके हेच असते. ठरावीक ठिकाणी थांबून कार्डावर वेळ आणि शिक्का घ्यायचा. २०० किलोमीटरांस साडेतेरा तास. शर्यत नव्हे, पहिला-दुसरा नाही, मुदतीत पोचला तो पोचला. ही सरासरी ताशी पंधरालाही किंचित कमी भरते, म्हणजे पोस्टमनच्या चालीची. फरक इतकाच की हौशी सायकलस्वाराला सोमवारी विसावा घेता येतो. पोस्टमनला सोमवारी तीच वाट पुन्हा असे. 'विसावा' या शब्दात थकव्याचा मान राखलेला आहे. 'रिकव्हरी'त उद्याच्या वेगाचा हिशेब आहे. दोन्ही शब्द राहू द्यावेत असे आमचे मत आहे, एकाने दुसऱ्याचे काम होणार नाही.

या रस्त्यावर सायकलस्वारांचा सर्वांत मोठा समुदाय मात्र ना हौशींचा, ना आता त्या जुन्या नोकरदारांचा. ते मोटारसायकलीवर गेले. तो शाळेतल्या मुलींचा आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, काहींना घरच्यांनी घेऊन दिल्या. शाळा सुटली की खेड्यांकडे जाणाऱ्या बारक्या डांबरी रस्त्यांवर त्यांचे घोळके दिसतात. वारा तोंडावर असला तरी त्या एकीमागे एक अशा चालवत नाहीत. तिघी-चौघी रस्ताभर शेजारी-शेजारी असतात, मागून येणारा दुचाकीवाला भोंगा वाजवतो तेव्हा क्षणभर ओळीत येतात आणि तो गेला की पुन्हा पसरतात. अशाने आडोसा मिळत नाही, प्रत्येकीला आपापला वारा कापावा लागतो. पण मागच्या-पुढच्या राहिल्या तर बोलता येत नाही.