मोर्तब आणि टोकन

शिवकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपताच मोर्तब. शिक्का पत्र कोणाचे ते सांगे. मोर्तब मजकुराची मर्यादा बांधी, म्हणजे खाली कोणाला ओळ घुसडता येऊ नये. पाठविणारा कोण, आणि पाठविले तेच पोचले का, हे दोन प्रश्न निराळे आहेत. वेब एपीआय, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याकडे मागणी नोंदविण्याचे दार, याच्या इतिहासात दुसरा प्रश्न मध्येच बाजूला पडला.

आरंभीची रीत भाबडी होती: प्रत्येक मागणीबरोबर नाव आणि पासवर्ड. ट्विटरवर आपल्या वतीने लिहिणाऱ्या त्रयस्थ ॲपला आपण पासवर्डच देत असू. मुखत्यारपत्र नव्हे, घराची किल्ली. त्यावर 2007 मध्ये ‘ओऑथ’ ही मर्यादित, रद्द करता येणारी परवानगी आली. ट्विटरने ऑगस्ट 2010 अखेर जुनी रीत बंद केली.

पहिल्या ओऑथमध्ये मागणीवर सहसा सही असे. ही सही हस्ताक्षर नव्हे. मागणीचा पत्ता, तिचे तपशील, वेळ आणि एकदाच वापरायचा एक शब्द यांवर गुप्त किल्लीने गणित करून निघालेली ती खूण. एक अक्षर बदलले की खूण जुळत नाही. जुनीच मागणी पुन्हा आणून दिली तरी पकडली जाते. आणि किल्ली स्वतः प्रवास करीत नाही. अडचण एवढीच, की दोन्ही टोकांना मजकुराची संहिता तंतोतंत एक लागे. एका रिकाम्या जागेचे लेखन निराळे झाले तरी सही फुटे. पाठचिकित्सा शिकविणाऱ्यांना हे दुखणे समजावून सांगायला नको!

प्रोग्रॅमर कंटाळले. ऑक्टोबर 2012 च्या ओऑथ 2.0 ने ‘बेअरर टोकन’ रूढ केले: बेअरर चेकप्रमाणे, ज्याच्या हाती त्याचे. पत्रावरची सही गेली. सारा भरवसा कूटबद्ध वाटेवर आला. संपादक एरन हॅमर यांनी जुलैमध्येच मसुद्यावरून आपले नाव काढून घेतले होते. त्यांचा संताप आम्हांला रास्त वाटतो, कारण टोकन वाटेत लुटले जाण्यापेक्षा सर्व्हरच्या नोंदींत किंवा उघड्या कोडमध्ये विसरून राहते. मात्र पहिल्या आवृत्तीतही एप्रिल 2009 मध्ये परवानगीच्या टप्प्यात भगदाड सापडले होते, हेही नोंदविले पाहिजे. सहीने ते बुजत नव्हते.

सप्टेंबर 2023 मध्ये टोकन त्याच्या मालकाच्या किल्लीशी बांधण्याचे मानक आले, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये एचटीटीपी संदेशांवरील सहीचे. या दुसऱ्यात संदेशाचे कोणते भाग सहीखाली येतात त्याची यादी दिलेली असते, आणि ती यादीही सहीखालीच येते.