एक वर्ष आणि एकोणीस दिवस

अर्नाळ्याच्या बाजारात कोळणीसमोर बसलं, की आधी हात जातो तो माशाच्या कल्ल्याकडे. कल्ला उचलायचा, आत लाल आहे का बघायचं, बोटाने अंग दाबायचं आणि मग भावाचं बोलायचं. मासा एकदा पिशवीत गेला, की तक्रारीला फारसा अर्थ उरत नाही. हा व्यवहार चोख आहे, कारण माशातला दोष डोळ्यांना दिसतो. टीव्हीला मात्र कल्ले नसतात.

2003 च्या रमजान ईदच्या तोंडावर मी विरारच्या एका दुकानातून रंगीत टीव्ही घेतला. गुडघ्यांमुळे आईचं घराबाहेर पडणं बंद झालं होतं, तिच्यासाठी. एका वर्षाची वॉरंटी होती. आठव्या महिन्यात पडद्यावर आडव्या रेघा यायला लागल्या. दुकानात दोनदा फोन केला. एक मेकॅनिक आला, मागचं झाकण उघडून त्याने काहीतरी घट्ट केलं आणि चहा पिऊन गेला. त्याने चिठ्ठी दिली नाही, मीही मागितली नाही. वर्ष संपून एकोणीस दिवस झाले आणि टीव्ही कायमचा काळा पडला. दुकानदाराने कार्डावरच्या तारखेवर बोट ठेवलं. “तारीख गेली, आता खर्च तुमचा,” म्हणाला, आणि वर, “तुमच्याकडे समुद्राची खारी हवा, त्याला कंपनी काय करणार?”

घरी येऊन आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “अरे, ऐब आधीपासनंच होता. दिसला उशिरा.”

ऐब म्हणजे दोष, खोड. आईच्या त्या वाक्याने मला या विषयाच्या इतिहासात ओढलं. वस्तू बिघडली कधी आणि तिच्यात दोष होता कधीपासून, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वॉरंटी कार्ड फक्त पहिला प्रश्न विचारतं. कायदा मात्र फार पूर्वीपासून दुसराही विचारत आला आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विकलेला माल परत करण्याचा विचार आहे. सौदा फिरवायला व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन आणि गुराख्यांना पाच रात्रींची मुदत तिथे दिली आहे. म्हणजे मुदतीची कल्पना जुनीच. पण मालातच दोष असेल, तर ती बाब त्याने वेगळी धरली आहे. आईच्या तोंडी आलेला ऐब हा शब्द इस्लामी व्यवहारशास्त्रातलाही आहे. बाराव्या शतकातल्या ‘हिदाया’ या ग्रंथात नियम आहे, की दोष विकणाऱ्याच्या हातात असतानाचा असेल आणि घेणाऱ्याला तो ठाऊक नसेल, तर त्याने वस्तू ठरल्या किमतीत ठेवून घ्यावी किंवा परत करावी. इंग्रजांनी हा ग्रंथ आपल्या न्यायालयांसाठी भाषांतरित करून घेतला. चार्ल्स हॅमिल्टनचं ते भाषांतर 1791 मध्ये छापलं गेलं. आईने हिदाया वाचलेला नव्हता. पण ऐब लपवून विकू नये, हे तिला घरातूनच मिळालं होतं.

इंग्रजी कायद्याचा मूळ स्वभाव याच्या उलट, ‘घेणाऱ्याने बघून घ्यावं’ असा. मासळीबाजारात तो शोभतो. यंत्रं आली, खोक्यात बंद माल आला, तसा तो अपुरा पडू लागला. आपल्याकडे 1930 मध्ये मालविक्रीचा कायदा झाला. त्याच्या सोळाव्या कलमात म्हटलं आहे, की त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो बाजारात चालण्याजोग्या दर्जाचा असेल ही अट न लिहिताही करारात असतेच. तपासून दिसला असता असा दोष तेवढा यातून सुटतो. त्याच कलमात पुढे असंही आहे, की लेखी हमी दिली म्हणून ही न लिहिलेली अट आपोआप नाहीशी होत नाही. दोन्हींत विसंगती असेल तरच ती जाते. म्हणून कार्डाच्या मागचं बारीक अक्षर वाचायचं असतं.

कायदा होता, पण एका टीव्हीसाठी दिवाणी कोर्टाची पायरी कोण चढणार? वकील, तारखा, खाडे यांत टीव्हीच्या किमतीचे दोन टीव्ही आले असते. ही कोंडी फोडायला सुरुवात झाली ती आपल्या मुंबई-पुण्यात. 1966 मध्ये मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया काढली. 1972 मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली आणि लाटणी घेतलेल्या बायका रस्त्यावर आल्या. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तेल, डाळ, रॉकेल यांच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला ‘ग्राहक’ हे नाव आणि मान देण्याचं मोठं काम या मंडळींनी केलं.

24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच आले. वकिलाशिवाय, साध्या अर्जावर दाद मागता येऊ लागली. दोष नुसता बघून ठरत नसेल, तर मंच वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, अशी सोयही ठेवली गेली. दोषाची व्याख्या करताना कायद्याने वॉरंटीची तारीख ओलांडली की दोष संपला, असं कुठेही म्हटलं नाही. वस्तूच्या दर्जातली उणीव हाच दोष. अर्थात प्रत्येक बिघाड म्हणजे दोष नव्हे. वापराने झिजलेली वस्तू आणि मुळात कच्ची वस्तू यांत फरक आहे आणि तो दाखवून देण्याचा भार तक्रारदारावर असतो.

आता माझी चूक सांगतो. मंचाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. 1993 च्या दुरुस्तीने ती आली. मला हे कळलं तेव्हा 2007 उजाडलं होतं. कंपनीची तारीख मी एकोणीस दिवसांनी चुकवली, कायद्याची तारीख मात्र निव्वळ अज्ञानाने. आणि वेळेत कळलं असतं, तरी माझ्या हातात काय होतं? आठव्या महिन्यात रेघा दिसल्या होत्या याचा एकही कागद नव्हता. तो कागद असता, तर दोष वॉरंटीतला आहे हे सांगायला मला प्रयोगशाळेचीही फारशी गरज पडली नसती. तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता, आमचा मंच ठाण्याला. अर्नाळ्याहून एसटीने विरार आणि पुढे गाड्या बदलत ठाणे, हे कारणही मी मनाशी बरीच वर्षं पुढे करत असे.

वस्तू लवकर मराव्यात अशी योजना खरंच कुणी करतं का, असं लोक विचारतात. एक उदाहरण इतिहासात नोंदलेलं आहे. 1924 मध्ये जिनिव्हात जगातल्या बड्या बल्ब कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा संघ केला आणि बल्बचं आयुष्य 1000 तासांवर आणून ठेवलं. त्याहून जास्त टिकणारा बल्ब बनवणाऱ्या सभासदाला दंड होई. माझ्या टीव्हीचं तसं झालं, असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण वस्तूचं आयुष्य एकट्या विकणाऱ्याने ठरवू नये, हे जगाला हळूहळू पटत गेलं. युरोपीय संघाने 1999 मध्येच कंपनीच्या हमीशिवाय दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी विक्रेत्यावर टाकली.

आपल्याकडे 2019 चा नवा कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे आता तक्रार करता येते, ती ऑनलाइनही देता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. 2022 मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळ सुरू केलं. दोन वर्षांची मुदत मात्र तीच आहे.

म्हणून मित्रहो, पावती टीव्हीच्याच खोक्यात ठेवून खोका भंगारात देऊ नका. पहिली रेघ दिसली त्याच दिवशी लेखी कळवा. हल्ली मोबाइलवरचा संदेशही कामी येतो. मेकॅनिकला चहा जरूर द्या, पण चिठ्ठी घेतल्याशिवाय त्याला उठू देऊ नका. कागदाची ती चिठ्ठी हाच आपला कल्ला.

तो टीव्ही आम्ही पुन्हा दुरुस्त केला नाही. दुरुस्तीचा आकडा मोठा होता. आई म्हणाली, “राहू दे, रेडिओ लाव.” पुढची चार वर्षं, ती होती तोवर, आमच्या घरात संध्याकाळी रेडिओच लागत असे. आज त्याच रेडिओवर हे सगळं सांगतो आहे. तिला टीव्ही हवा होता, हे मला माहीत आहे.