मागील आज्ञा

मराठेशाहींतील इनामपत्रें चाळूं लागलें कीं शेवटीं एक ठराविक कलम वारंवार आढळतें. दरसाल नव्या पत्राचा आग्रह धरूं नये. या पत्राची नक्कल दप्तरीं उतरून घ्यावी व अस्सल पत्र भोगवट्यासाठीं इनामदारास परत द्यावें, असा त्याचा आशय असतो. एकदां सुटलेली आज्ञा फिरून न मागतां पुढें चालवावी, ही युक्ति आमच्या कारकुनांस चांगली अवगत होती.

संगणकास लेखी आज्ञा देण्याचें जें साधन, ज्यास शेल म्हणतात, त्यांत ही युक्ति मागाहून आली. १९७१ च्या सुमाराचा युनिक्सचा पहिला शेल मागील आज्ञा स्मरत नसे. एक अक्षर चुकलें तरी सारी ओळ नव्यानें टंकावी लागे. त्या दशकाच्या अखेरीस बर्कले येथें बिल जॉय यांनीं सी शेलमध्यें आज्ञांची नोंद ठेवण्याची सोय केली. दोन उद्गारचिन्हें लिहिलीं कीं मागील आज्ञा तत्काळ चालते. १९८९ मध्यें ब्रायन फॉक्स यांच्या बॅशचा अवतार झाला. त्यांत वरचा बाण दाबून जुनी आज्ञा समोर आणतां येते व सुधारतांही येते. कंट्रोलसह आर दाबल्यास एखाद्या शब्दावरून ती हुडकतां येते.

परंतु नोंद होणें निराळें आणि ती टिकणें निराळें. बॅश आपल्या मूळ मांडणींत केवळ ५०० आज्ञा राखतो व त्या बैठक संपतांना फाईलींत लिहितो. मध्येंच वीज गेली तर त्या बैठकीची स्मृति नाहींशी होते. कागदाचें तरी काय? दक्षिणेंत १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशननें हक्कांची छाननी केली, तेव्हां जुनें पत्र दाखविणें हा घराण्यांच्या उपजीविकेचा प्रश्न झाला. कडेगाव आज सांगली जिल्ह्यांत आहे. १९४९ पूर्वीं तें साताऱ्यांत होतें. तेथील जुना कागद शोधणाऱ्यास प्रथम हें जिल्ह्याचें स्थित्यंतर ध्यानीं घ्यावें लागतें. राज्यें व जिल्हे पालटतात. आज्ञेचा आधार मात्र ती कोठें व कोणापाशीं उरली यावर राहतो.

म्हणून त्या जुन्या कलमांतील दोन गोष्टी आम्हांस मोलाच्या वाटतात. एक प्रत सरकारांत व अस्सल धन्यापाशीं, ही पहिली. दुसरी अशी कीं, नक्कल हातानें उतरणाऱ्यास प्रत्येक शब्द वाचावाच लागे. दोन उद्गारचिन्हांस तेवढा धीर नसतो. फायली पुसण्याची मागील आज्ञाही तीं न विचारतां पुन्हां चालवितील. तेव्हां बाणानें आज्ञा समोर आणावी, नीट वाचावी, आणि मगच तिला रुजूं करावें.