ती गुराब, ते गलबत

अहेरीहून समुद्र फार लांब. आमच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचे पाणी प्राणहितेचे आणि त्यावरचे वाहन डोंगा. तरीही रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण वर्गात निघाले, की पहिला प्रश्न युद्धाचा नसतो, लिंगाचा असतो. गुराब 'ती' का आणि गलबत 'ते' का? विचारणारा बहुधा गोंडी किंवा तेलुगू बोलणाऱ्या घरातला. त्या भाषांत एकवचनी पुरुषवाचक नामे एका बाजूला आणि उरलेले सारे जग दुसऱ्या. नपुंसकलिंगाचा वेगळा कप्पा नाही.

लॅटिनमध्ये या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते. वल्ह्यांच्या युद्धनौकेला तेथे 'त्रिरेमिस' म्हणत. 'रेमुस' म्हणजे वल्हे, संस्कृत 'अरित्र' त्याच कुळातले. 'रेमुस' पुल्लिंगी, पण 'त्रिरेमिस' स्त्रीलिंगी. कारण तो मुळात विशेषणात्मक समास, आपल्या बहुव्रीहीसारखा. अध्याहृत विशेष्य 'नाविस', म्हणजे नौका. हा शब्द संस्कृत 'नौ'चा सख्खा भाऊबंद आणि तिच्यासारखाच स्त्रीलिंगी. विशेष्य गळून पडले, लिंग मात्र मागे राहिले.

मराठीत असा हिशेब जुळत नाही. 'गुराब' अरबीतून आला. तेथे 'घुराब' म्हणजे कावळा, आणि तो पुल्लिंगी. सभासद बखरीत त्याचे अनेकवचन 'गुराबा' असे स्त्रीलिंगी होते. 'नाव', 'होडी' यांच्या सहवासाने हे घडले असावे, असा आमचा तर्क. पण मग 'जहाज'? तेही अरबीतले, तेथे पुल्लिंगी. मराठीत आले ते नपुंसकलिंगी होऊन, 'तारू'च्या पंगतीत.

'गलबत' या शब्दाचे मूळ वादग्रस्त आहे. पोर्तुगीज 'गालेओता'शी त्याचा संबंध जोडतात. तसे असेल तर मागे मध्ययुगीन लॅटिनमधील वल्ह्यांची 'गालेआ' उभी आहे. वस्तूच्या बाजूने हे पटण्याजोगे आहे. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म गलबतांना ४० ते ५० वल्ही असल्याचे सांगतो. मोठ्यात मोठे गलबतही ७० टनांपलीकडे क्वचितच जाई. तीन डोलकाठ्यांची गुराब मात्र सुमारे ३०० टनांची. परंतु 'गालेओता' स्त्रीलिंगी. तिचे 'ते' कसे झाले, हे या व्युत्पत्तीने उलगडत नाही.

'तो गलबत' लिहिणाऱ्याचा अर्धा गुण आम्ही वर्षानुवर्षे कापत आलो. आता खाली रेघ ओढतो, समासात 'ते' लिहितो आणि गुण ठेवतो. परवा एकीने विचारले, 'नाव' पाण्यावर असली की ती आणि हजेरीपटावर असले की ते, असे का? तिला निदान उत्तर देता आले: पहिली 'नौ'ची, दुसरे 'नामन्'चे.