बिल्ड, भवन आणि अखंड जुळणी

पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘बिल्ड लावला का?’, ‘रात्रीचा बिल्ड फेल गेला’ ही वाक्ये आता रोजच्या बोलण्यातली आहेत. हा ‘बिल्ड’, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालवता येणारे सॉफ्टवेअर तयार करणे, वाटतो तितका परका नाही. जुन्या इंग्रजीत ‘बोल्ड’ म्हणजे घर. त्यावरूनच बांधण्याचे क्रियापद आले. त्याचे मूळ भाषाशास्त्रज्ञ ज्या इंडो-युरोपीय धातूत शोधतात, तोच संस्कृतात ‘भू’. ‘भू’वरून ‘भवन’. बिल्ड आणि भवन हे असे दूरचे भाऊबंद.

मराठी अडते ती ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’पाशी. ग्रेडी बूच यांनी १९९१मध्ये वापरलेली ही संज्ञा केंट बेक यांच्या ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ या सॉफ्टवेअर घडवण्याच्या शैलीमुळे रुळली. अनेकांनी लिहिलेला कोड वरचेवर एकत्र आणायचा आणि दर वेळी यंत्राकडूनच बिल्ड करून तपासून घ्यायचा, ही ती पद्धत. डेस्कटॉपवरच्या सॉफ्टवेअरला तिची विशेष गरज. विंडोज, मॅक, लिनक्स, प्रत्येकाचा इन्स्टॉलर निराळा. तो एखाद्याच्या लॅपटॉपवर तयार केला, तर तिथे आधीच असलेली एखादी फाइल त्यात घालायची राहून जाते आणि ग्राहकाकडे सॉफ्टवेअर उघडतच नाही. म्हणून बिल्ड कोऱ्या यंत्रावर, माणसाचा हात न लागता व्हावा लागतो. ‘इंटिग्रेशन’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘इंटेगेर’चा अर्थही हाच: हात न लागलेले, म्हणून अखंड.

‘सातत्यपूर्ण एकात्मीकरण’ हा प्रतिशब्द अचूक असला तरी बोलताना जिभेवर बसत नाही. पुण्याच्या छापखान्यांनी मात्र एक नेमका शब्द जपला आहे: जुळणी. शिशाचे खिळे जुळवणारा तो जुळारी. जुळणी झाली की मुद्रितशोधन, मगच छपाई. कोड एकत्र येतो, चाचण्या होतात, मग रिलीज, क्रम तोच. पुढे पुण्यातच तयार झालेल्या ‘श्रीलिपी’सारख्या सॉफ्टवेअरने खिळ्यांची जागा घेतली, तरी पुस्तकांत ‘अक्षरजुळणी’ छापले जातेच. साधन बदलले, शब्द टिकला. असा शब्द नव्या कामालाही पुरतो.

त्याला ‘अखंड’ जोडावा. अखंड हरिनाम सप्ताहातला ‘अखंड’ न थांबणारा, अखंड शिळेतला एकसंध. ‘कंटिन्युअस’ आणि ‘इंटेगेर’ या दोहोंचा अर्थ तो एकटा पेलतो. म्हणून ‘अखंड जुळणी’ म्हणावे. बिल्डला मात्र बिल्डच राहू द्यावे. तो नात्यातलाच आहे.