तळटीप : ‘ब्लॉक बोअर करून आणला’

* ‘पन्नास ओव्हरसाइज’ म्हणजे सिलिंडरचा व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढवणे. प्रत्येक बाजूने पाव मिमीच जाते, आणि नेमका इथेच हिशेब चुकतो. किर्लोस्करच्या एव्ही-१ डिझेल इंजिनाचा बोअर ८० मिमी, स्ट्रोक ११० मिमी. आठ सेंटिमीटरचा वर्ग ६४, गुणिले ०.७८५४, गुणिले ११ : सुमारे ५५३ सीसी. बोअर ८०.५ झाला की ५६०. वाढ जेमतेम सात सीसी! ‘इंजिन दांडगं झालं’ हे लेखकाचे कौतुक समजावे. कॅमशाफ्ट या गणितात येत नाही. तो व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. स्ट्रोक ठरतो क्रँकवर.